खेळयंत्र घ्यावे की संगणक?

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले त्या आठवड्यातली गोष्ट. अकरावीतील एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली. बरोबर तिचा नववीतला धाकटा भाऊ होता. दोघांचीही तोंडे फुगलेली. "सर, आता तुम्हीच निकाल द्या," ती म्हणाली.

भांडण असे होते. त्यांच्या आजीने पाच वर्षांपूर्वी दोघा नातवंडांसाठी टपाल कार्यालयात दरमहा एक हजार रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली होती. तिची मुदत आता पूर्ण झाली. साठ हजार मुद्दल आणि वर व्याज. आजीची अट एकच, पैसे वाटून घ्यायचे नाहीत, दोघांनी मिळून एकच वस्तू घ्यायची. भावाला टीव्हीला जोडायचे खेळयंत्र हवे होते, ज्याला सगळे कन्सोल म्हणतात ते. बहिणीला हवा होता संगणक, कारण पुढे संगणकशास्त्राकडे जायचे तिच्या मनात आहे. भावाचे म्हणणे, संगणकच घ्यायचा तर खेळ नीट चालतील असा दणकट तरी घ्या. आणि तसा दणकट संगणक ठेवीच्या रकमेत बसत नव्हता.

मी निकाल दिला नाही. दुसऱ्यांच्या आजीच्या पैशाचा निकाल मास्तराने देऊ नये. परंतु त्या दिवशी आणि पुढच्या दोन शनिवारी आम्ही तिघांनी फळ्यावर बरीच आकडेमोड केली. तीच येथे मांडतो आहे. असाच वाद तुमच्याही घरी चालू असण्याचा संभव आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा वाद मुळीच नवा नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी एक खेळ तयार केला. प्रक्षेपकाचा मार्ग काढणारा एक संगणक आणि दोलनदर्शक, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत असतो तसा ऑसिलोस्कोप, एवढ्या सामग्रीवर दोन माणसे टेनिस खेळू शकत. पडद्यावर एक ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे उडे. लोकांनी रांगा लावल्या. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील तरुणांनी पीडीपी-१ नावाच्या, लाखाहून अधिक डॉलर किमतीच्या संगणकावर अवकाशयुद्धाचा खेळ रचला. हे दोन्ही खेळ संगणकावरचे. संगणक दुसऱ्याच कामासाठी आणलेला आणि खेळ फावल्या वेळेतला. उलट १९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून बाजारात आलेली ओडिसी ही पेटी फक्त खेळासाठी होती. तिच्यात प्रोसेसर नव्हताच! रंगीत मैदान दिसावे म्हणून टीव्हीच्या काचेवर छापील पारदर्शक कागद चिकटवावा लागे. एक यंत्र सर्व कामांचे आणि दुसरे एकाच कामाचे, ही फाळणी इतकी जुनी आहे.

मग आज त्या दोन पेट्यांत काय फरक उरला आहे? भावाला वाटत होते, कन्सोलमध्ये काही तरी खास, निराळ्याच जातीचे असते. तसे नाही. प्लेस्टेशन ५ हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले. त्याच्या मुख्य चिपमधील प्रोसेसरची रचना एएमडी या कंपनीची आहे, आणि जवळजवळ तीच रचना त्या कंपनीने २०१९ पासून साध्या संगणकांसाठी विकली होती. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्येही त्याच कंपनीची, त्याच घराण्यातील चिप आहे. कन्सोल हा संगणकच आहे. फरक आहे तो मांडणीत.

एक ओटा की दोन?

संगणकात खेळ चालत असताना दोन कारागीर राबत असतात. एक मुख्य प्रोसेसर. चेंडू कोठे गेला, शत्रूने काय करायचे, गुण किती झाले, हा हिशेब त्याचा. दुसरा चित्रे रचणारा ग्राफिक्स प्रोसेसर. त्याच्याकडे एकाच प्रकारची आकडेमोड लक्षावधी ठिकाणी एकाच वेळी करण्याची हातोटी असते. संगणकात हे दोघे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मुख्य प्रोसेसरची स्मृती, म्हणजे रॅम, वेगळी आणि ग्राफिक्स कार्डावरची स्मृती वेगळी. कन्सोलमध्ये दोघे एकाच चिपवर, एकाच स्मृतीला लागून बसतात. स्वयंपाकघरात एकच ओटा असेल तर चिरलेली भाजी फोडणीपर्यंत सरकवली की झाले. ओटे दोन खोल्यांत असतील तर मधल्या बोळातून ताटे नाचवावी लागतात.

हा बोळ किती अरुंद असतो? आकडे पाहू. प्लेस्टेशन ५ मध्ये चिप आणि तिची १६ अब्ज बाइटची स्मृती यांच्यामध्ये सेकंदाला ४४८ अब्ज बाइट इतकी माहिती जाऊ शकते. त्याच काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, संगणकासाठी आलेले आरटीएक्स ३०६० हे मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड घ्या. कार्ड आणि त्याची स्वतःची स्मृती यांच्यामध्ये सेकंदाला ३६० अब्ज बाइट. मुख्य प्रोसेसर आणि त्याची रॅम (त्या काळची चांगली रॅम, दोन पट्ट्या लावलेली) यांच्यामध्ये ५१ अब्ज बाइट. आणि या दोन खोल्यांमधला बोळ? सुमारे ३१ अब्ज बाइट. म्हणजे कन्सोलमधल्या रस्त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढा.

"मग कन्सोलच चांगला!" भावाने टाळी वाजवली. जरा थांब, मी म्हटले. संगणकाचे खेळ लिहिणारे या अडचणीला पुरते ओळखून असतात. जे सामान ग्राफिक्स कार्डाला लागणार ते आधीच त्याच्या खोलीत नेऊन ठेवायचे, म्हणजे बोळातून फेऱ्या कमी होतात. शिवाय कन्सोलच्या एकाच ओट्यावर दोघांचे सामान मावले पाहिजे, तेथे कार्डाला स्वतःची वेगळी जागा नाही. आणि ओटा पुढे वाढवता येत नाही. स्मृतीच्या चिपा मुख्य चिपभोवती पक्क्या डाख दिलेल्या असतात.

तशा त्या असण्याचे कारण सोपे आहे आणि फार सुंदर आहे. प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला ३५० कोटी ठोके देते. दोन ठोक्यांमधल्या वेळात निर्वात पोकळीतील प्रकाश किती अंतर कापील? ३० कोटी मीटरना ३५० कोटींनी भागा. साडेआठ सेंटिमीटर! तांब्याच्या पट्टीतून जाणारा विद्युत्संकेत तर त्याहून बराच हळू धावतो. तुमच्या तळहाताएवढ्या अंतरावर निरोप पोहोचेपर्यंत प्रोसेसरचा एक ठोका होऊन जातो. म्हणून रस्ता रुंद आणि वेगवान हवा असेल तर सामान जवळ आणि पक्के बसवावे लागते. उलट काढता-घालता येण्याजोग्या पट्ट्या हव्या असतील तर खाचा आल्या, अंतर आले आणि वेग थोडा गमवावा लागला. ही गोष्ट कोणत्याही कंपनीच्या मर्जीची नाही.

"टेराफ्लॉप म्हणजे काय, सर?"

जाहिरातीत हा शब्द सारखा येतो. प्लेस्टेशन ५ चे १०.२८ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२. हे आकडे कसे येतात ते तुम्ही स्वतः काढू शकता. प्लेस्टेशन ५ च्या ग्राफिक्स भागात ३६ गट आहेत, प्रत्येक गटात ६४ गणक, प्रत्येक गणक एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया करतो आणि ठोके सेकंदाला जास्तीत जास्त २२३ कोटी. करा गुणाकार: ३६ × ६४ × २ × २२३ कोटी. उत्तर येते सुमारे १०.२८ लाख कोटी क्रिया दर सेकंदाला. टेरा म्हणजे एक लाख कोटी. एक्सबॉक्सचे गट ५२ आणि ठोके १८२.५ कोटी. त्याचे उत्तर तुम्हीच काढून पाहा. एकाने मजूर जास्त लावले आणि दुसऱ्याने थोड्या मजुरांना वेगाने पळवले, एवढाच भेद.

आता ही शक्ती कोठे खर्च होते? ज्याला ४के म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. एकंदर सुमारे ८३ लाख. ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे, म्हणजे जवळजवळ ५० कोटी ठिपके. १०.२८ लाख कोटींना ५० कोटींनी भागले तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे २० हजार क्रिया येतात. प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, पाण्यात काय दिसते, हे सारे या २० हजारांत भागवायचे. तोच खेळ फुल एचडी पडद्यावर, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांवर चालवला तर ठिपके पाव होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चौपट क्रिया येतात. त्यामुळे यंत्र किती शक्तिमान हवे हा प्रश्न आधी पडद्याला विचारायचा, दुकानदाराला नंतर.

येथे आम्ही एक सुतळी आणि मोजपट्टी घेतली. निरोगी डोळ्याला सुमारे एक मिनिट कोनाएवढ्या अंतरावरील दोन बिंदू वेगळे दिसतात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. सोप्या भाषेत, दोन ठिपक्यांतील अंतराच्या सुमारे ३४४० पट दूर गेले की ते ठिपके एकमेकांत मिसळतात. या भावंडांच्या घरी ३२ इंची फुल एचडी टीव्ही आहे. त्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर. त्याला १९२० ने भागले की एका ठिपक्याची रुंदी ०.३७ मिलिमीटर येते. गुणिले ३४४०, म्हणजे सुमारे सव्वा मीटर. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पलंगापासून टीव्हीपर्यंत सव्वादोन मीटर भरले, असे भावाने दुसऱ्या शनिवारी येऊन सांगितले. तेथून त्यांना फुल एचडीचेच ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४के घेतले काय आणि न घेतले काय! संगणकाचे मात्र उलट. २४ इंची पडद्यावर ठिपका ०.२८ मिलिमीटरचा आणि आपण बसतो हातभर अंतरावर, सुमारे ६० सेंटिमीटरवर. मिसळण्याचे अंतर येते ९५ सेंटिमीटर. म्हणजे तेथे ठिपके जाणवण्याजोगे असतात. टेबलाशी बसून खेळणाऱ्याला बारीक पडद्याचा उपयोग आहे. दूर बसून खेळणाऱ्याला त्याच पडद्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

पेटी तापते कशाने?

भौतिकशास्त्राच्या मास्तराला विचाराल तर खरी लढाई या ठिकाणी आहे. यंत्रात जेवढी वीज शिरते, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. चित्रे पडद्यावर दिसली, गुण मिळाले, तरी ऊर्जेच्या हिशेबात त्यांना काही स्थान नाही. प्लेस्टेशन ५ वर भारी खेळ चालू असताना ते सुमारे २०० वॅट ओढते. समजा त्यातले १५० वॅट मुख्य चिपमध्येच खर्च झाले. त्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर आहे, टपाल तिकिटापेक्षाही लहान. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५० वॅट. घरच्या इस्त्रीचे गणित करून पाहा. १००० वॅट आणि तळ सुमारे १८० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला साडेपाच वॅटच पडतात. इस्त्रीच्या नऊपट दाटीने निघणारी ही उष्णता तेथून हलवली नाही तर चिप काही क्षणांत निकामी व्हायची.

म्हणून त्या यंत्राचा बराचसा भाग उष्णता वाहून नेण्यासाठीच आहे. चिप आणि धातूचा शोषक यांच्यामध्ये नेहमीच्या मलमाऐवजी खोलीच्या तापमानालाही द्रव राहणारा मिश्रधातू भरला आहे आणि १२ सेंटिमीटर व्यासाचा जाडजूड पंखा बसवला आहे. यंत्राचे वजन साडेचार किलो. मुले म्हणतात एवढे अवजड कशाला केले? उष्णतेपायी.

वेग आणि उष्णता यांचे नाते फार महाग आहे. चिपमधील खर्च होणारी शक्ती ही वारंवारता आणि विद्युत्दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग वाढवायचा तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले तर १.१ चा घन, १.३३. म्हणजे दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता. हेच उलट वाचा, आणि मोठा धडा मिळतो: वेग थोडासा कमी केला की यंत्र खूपच थंड होते. प्लेस्टेशन ५ च्या रचनाकारांनी याच नात्याचा उपयोग करून घेतला आहे. शक्तीची मर्यादा ठरवून टाकली, आणि काम फारच वाढले तर यंत्र आपणहून वेग किंचित उतरवते. संगणकाचे महागडे ग्राफिक्स कार्ड घेणारे हौशी लोक मात्र पुष्कळदा शेवटच्या पाच-सात टक्के वेगापायी पंख्याचा घरघराट आणि विजेचे बिल पत्करतात. मला हा शहाणपणा वाटत नाही, पण हौसेला मोल नसते.

आता आपल्याकडची गोष्ट. सोनीने या यंत्रासाठी भोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात आत ४० अंश सहज असतात. उष्णता वाहण्याचा वेग तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. चिप ७५ अंशांवर ठेवायची आणि खोली २५ अंशांची असेल तर फरक ५०. खोली ४० ची झाली तर फरक ३५. म्हणजे तोच पंखा त्याच वेगाने फिरून तीस टक्के कमी उष्णता हलवतो. ही अडचण संगणकालाही आहेच. परंतु संगणकाची पेटी उघडून आणखी एक पंखा बसवता येतो, धूळ काढता येते. कन्सोलला मोकळी हवा द्यायची, टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबायचे नाही, आणि भर दुपारी खेळायचे नाही, एवढेच आपल्या हाती. "आईलाही हेच हवे आहे," बहीण पुटपुटली.

शिंपी आणि माप

कन्सोल हाती घेतलेल्या मुलांचा एक अनुभव असा की खेळ अडखळत नाही. त्याच किमतीच्या संगणकावर पुष्कळदा अडखळतो. असे का व्हावे? खेळ लिहिणाऱ्याला कन्सोलचे माप नेमके ठाऊक असते. शिंप्यापुढे गिऱ्हाईक उभे असावे तसे. लाखो घरांत एकच चिप, तेवढीच स्मृती, तीच माहिती-साठवण. ग्राफिक्स प्रोसेसरला समजतील अशा सूचना तो आधीच तयार करून खेळाबरोबर देऊ शकतो. संगणकांच्या बाबतीत मात्र कार्डांच्या, प्रोसेसरांच्या, रॅमच्या असंख्य जोड्या संभवतात. त्यामुळे सूचनांचे शेवटचे भाषांतर तुमच्याच संगणकावर, कधी कधी ऐन खेळात होते. एका चित्राला मिळणारा वेळ सेकंदाचा साठावा भाग, १६.७ सहस्रांश सेकंद. भाषांतराला त्याहून जास्त लागले की चित्र थबकते.

पैशाचेही गणित या मापाशी जोडलेले आहे. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा घेत नाही. सुरुवातीला तर तोटाही सोसते. प्लेस्टेशन ५ ची चकती चालवणारी आवृत्ती आता तोट्यात विकली जात नाही, असे सोनीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. म्हणजे त्यापूर्वी ती तोट्यात जात होती. मग कंपनी जगते कशावर? प्रत्येक विकल्या गेलेल्या खेळामागे मिळणाऱ्या वाट्यावर. म्हणून यंत्र स्वस्त आणि खेळ महाग. भारतात ते ४९,९९० रुपयांना आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० झाले. पूर्वी कन्सोल जुने होत जाई तसे स्वस्त होई. या पिढीचे उलट झाले. संगणकाच्या भागांनाही ग्रह बरे नव्हते. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डे मिळेनात आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकगृहांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर चढले. तेव्हा भावाची गोष्ट निघाली तर कालचा आकडाही आज धरू नका, दुकानात जाऊन विचारा.

आणि आता कुलपाची गोष्ट. बहिणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ही. कन्सोल हा संगणक आहे असे मी वर म्हटले. मग त्यावर आपण लिहिलेला कार्यक्रम चालवता येईल का? सहसा नाही. बहुधा बनवणाऱ्या कंपनीची मान्यता असलेलेच कार्यक्रम तो चालवतो. प्लेस्टेशन ३ हे यंत्र २००६ साली आले तेव्हा त्यावर लिनक्स ही खुली प्रणाली बसवण्याची सोय कंपनीनेच दिली होती. गणनाशक्तीच्या मानाने यंत्र इतके स्वस्त पडत होते की अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे १,७०० प्लेस्टेशन ३ जोडून २०१० साली काँडोर नावाचा महासंगणक उभा केला. त्याच वर्षी, १ एप्रिल रोजी, सोनीने एक सुधारणा पाठवून लिनक्सची ती सोय काढून घेतली. सुरक्षिततेचे कारण दिले. सुधारणा नाकारण्याची मोकळीक होती, पण मग कंपनीच्या जाळ्यावर जाऊन इतरांशी खेळणे बंद. पैसे मोजून घरी आणलेल्या यंत्राची एक खोली चार वर्षांनी बाहेरून कुलूपबंद झाली!

ही गोष्ट ऐकून बहीण काही बोलली नाही. भाऊच म्हणाला, "पण सर, मला लिनक्स नकोच आहे." तेही खरे आहे. ज्याला फक्त खेळायचे आहे त्याला त्या कुलपाचा त्रास नाही, उलट फायदा आहे. कुलूप असल्यामुळे खेळात लबाडी करणारे कमी आणि यंत्र बिघडवून ठेवणारे कार्यक्रमही जवळजवळ नाहीत. एका कामाच्या यंत्राकडून दुसरे काम मागू नये. पाटा-वरवंटा बिनतक्रार वाटण वाटतो म्हणून कोणी त्यावर पोळ्या लाटत नाही.

तिसऱ्या शनिवारी दोघे आले ते एक कागद घेऊन. कन्सोल नाही आणि दणकट संगणकही नाही, असा मधला मार्ग त्यांनी स्वतःच काढला होता. ज्याच्या मुख्य चिपमध्येच बऱ्यापैकी ग्राफिक्स प्रोसेसर आहे असा संगणक घ्यायचा. वेगळे ग्राफिक्स कार्ड आता घ्यायचे नाही, पण त्याची खाच रिकामी ठेवायची आणि वीजपुरवठ्याची पेटी पुढे कार्ड पेलेल अशी आताच घ्यायची. तोवर भावाने थोडे जुने खेळ फुल एचडीवर किंवा त्याहून कमी ठिपक्यांवर खेळायचे. गंमत अशी की हा संगणक रचनेने कन्सोलचाच गरीब भाऊ. दोन्ही कारागीर एका चिपवर आणि एका ओट्यावर. ओटा मात्र अरुंद, ४४८ ऐवजी ५१. मी कागदावर एकच दुरुस्ती केली. त्यांनी १६ अब्ज बाइटची एक पट्टी लिहिली होती. तेथे ८ च्या दोन लिहिल्या. एकाच पट्टीने रस्ता आणखी निम्मा, २५ वर येतो, आणि अशा संगणकावरच्या खेळाला तेथेच धाप लागते. पुष्कळ दुकानदार एक पट्टी लावून देतात. विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही असा संगणक घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवा.

भावाच्या मनात थोडी खुटखुट होती. त्याला मी एक उद्योग दिला, तो तुम्हीही करा. घरच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरवर बहुधा ३२०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज खर्च होताना दिवा तितक्या वेळा लुकलुकतो असा त्याचा अर्थ. मिनिटाला किती वेळा लुकलुकला ते मोजून १८.७५ ने गुणा, वॅट मिळतील. (तुमच्या मीटरवरचा आकडा निराळा असेल तर ६०,००० ला त्याने भागून गुणक काढा.) २०० वॅटचा कन्सोल मिनिटाला सुमारे ११ वेळा लुकलुकवील. कार्ड नसलेला संगणक खेळताना समजा १०० वॅट ओढील, तर पाच-सहा वेळा. मीटर उघडायचा नाही, हात लावायचा नाही, दुरून पाहायचे. घरातले बाकी सगळे बंद करायचे आणि एकदम पाच मिनिटे मोजून सरासरी घ्यायची.

संगणक आल्यानंतरच्या सोमवारी तो धापा टाकत प्रयोगशाळेत आला. मिनिटाला १४ लुकलुक! म्हणजे २६२ वॅट. दुकानदाराने फसवले, संगणक परत करायचा, ताईला सांगा, असे त्याचे चालले होते. मी काही विचारण्याआधीच त्याने खाली मान घातली. येताना वाटेत आजी भेटली होती म्हणे, आणि तिने विचारले होते, "अरे, फ्रीज बंद केला होतास का?"